नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी जालना

प्रस्तुत पाठ बदलीवर, बढतीवर किंवा शिक्षेवर जालन्यात आलेल्यांसाठी आहेत. शिक्षेवर आलेल्यांनीही 'बढतीवर' असंच सांगावं. आदेशाची प्रत कुणी मागत नाही. ती तुम्ही यायच्या आधीच सगळ्यांनी वाचलेली असते.

नोकरीसाठी परमुलखात जाणाऱ्यांना शहर शिकवायची पद्धत जगभर आहे. ब्युनोस आयर्सला निघालेल्याला कुणीतरी सांगतंच की बाबा, तिथं भेटल्यावर उजव्या गालाला गाल लावतात, नऊच्या आत कुणाकडे जेवायला जाऊ नकोस, आणि फुटबॉलचा कुठला संघ आवडतो हे पहिल्याच दिवशी बोलून बसू नकोस. एवढं शिकूनही तिथले परदेशस्थ शेवटी ठरावीक कॅफेत जमतात आणि ज्या शहराचं खातात त्याच शहराला आपापल्या भाषेत नावं ठेवतात. आपल्याकडे तसा कॅफे नाही. आपल्याकडे आगगाडीचा डबा आहे.

पाठ पहिला: मुक्काम की अपडाऊन

जालन्यापासून छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटर. सहाशे असतं तर माणसं इथं राहिली असती, सहा असतं तरी चाललं असतं. हे साठ किलोमीटर मात्र असं अंतर आहे की नोकरी इथं आणि घर तिथं, हे कसंबसं जमून जातं. मग अधिकारी, प्राध्यापक, बँकवाले, इंजिनीअर सकाळी डब्यातून उतरतात आणि संध्याकाळी डब्यात चढतात. कारण विचारलं की उत्तर तयार: "मुलांची शाळा तिकडंय ना." ती मुलं पुढे इंजिनीअर होऊन परदेशात जातात, तरी शाळा तिकडंच असते.

अपडाऊनवाल्याचं जालना म्हणजे स्टेशन, रिक्षा, ऑफिस, रिक्षा, स्टेशन. चार वाजल्यापासून त्याचं लक्ष घड्याळात असतं आणि पाचला बॅगेची चेन वाजते. ती वाजली की समोर कामाला आलेला शेतकरी न सांगता उठतो. शिपायाला "साहेबांची गाडी किती वाजता?" असं विचारलं तर तो साहेबांच्या सरकारी गाडीबद्दल नाही, रेल्वेबद्दल सांगतो. गाडी लेट असली की मात्र फायली भराभर निघतात. एखादं काम अडलं असेल तर मनमाडच्या बाजूने काही बिघाड झाल्याची बातमी आहे का ते आधी बघावं आणि मग अर्ज घेऊन जावं.

सरकारी नोकराने मुख्यालयी राहावं असा नियम आहे आणि त्यासाठी घरभाडे भत्ताही मिळतो. म्हणून कागदावर प्रत्येकाची जालन्यात एक खोली असते. त्या खोलीत पाच-पाच वर्षं घरमालकाची ज्वारी राहते.

गाड्यांचं आणखी एक आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना ते मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हा स्टेशनवर काय तो उत्साह! आपल्या गावच्या नावाने सुटणारी अशी गाडी. त्याआधी जनशताब्दीही जालन्याहूनच सुटायची. जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत गेली आणि वंदे भारत २०२५ मध्ये नांदेडपर्यंत. जालन्यात गाडीसुद्धा टिकत नाही, मग साहेबाला काय बोलायचं, असं त्यावर एका रिक्षावाल्या चाचांचं म्हणणं आहे. नवख्याने या विषयावर मत देऊ नये. फक्त मान हलवून "हौ ना" म्हणावं.

पाठ दुसरा: आपण कुठे आहोत

जुना जालना आणि नवा जालना अशी दोन गावं आहेत आणि मधून कुंडलिका वाहते. 'वाहते' हे क्रियापद पावसाळ्यापुरतं घ्यावं. नव्या जालन्याला कादराबाद हे जुनं नाव आहे आणि ते बरंच जुनं आहे, तेव्हा 'नवा' पाहून फसू नये. दोन्ही काठांवरच्या माणसांना पलीकडचा काठ लांब वाटतो. "नदीपल्याड" मुलगी दिली म्हणून सांगताना आई डोळ्याला पदर लावते. रिक्षाने दहा मिनिटं लागतात.

पत्ता विचारताना रस्त्यांची नावं विसरा. गांधी चमन, शनि मंदिर, मामा चौक, सुभाष चौक, अंबड चौफुली, भोकरदन नाका आणि मस्तगड एवढी सात ठिकाणं पाठ केली की शहर येतं. मामा चौकातले मामा कुणाचे, असं विचारणारा अपडाऊनवाला ओळखावा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात गेलेल्या हुतात्मा जनार्दन मामांचं नाव आहे ते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला, देश सुटल्यानंतर तेरा महिन्यांनी. म्हणून इथं एक झेंडावंदन जास्तीचं होतं. त्या दिवशी सुट्टी समजून गावाकडे निघून गेलात तर तुमच्याबद्दल जे बोलायचं ते गाव बोलून घेतं.

मस्तगडला मात्र मुद्दाम जावं. गड म्हटल्यावर बूट घालून आणि पाण्याची बाटली घेऊन येणारे आम्ही पाहिलेत. चढण नाही. आसफजाहाच्या, म्हणजे पहिल्या निजामाच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधलेली ही गढी आहे. चौकोनी बांधणी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आणि आत एक मोठी विहीर. त्या विहिरीला सज्जे आहेत, खोल्या आहेत. लढाईसाठी बांधलेल्या जागेत इतक्या निगुतीने घडवलेली गोष्ट विहीर असावी, यावरून काबिलखानाला जालना नीट कळलं होतं हे समजतं. पुढे या गढीतून नगरपालिकेचाही कारभार चालला. म्हणजे ज्या जागी पाण्याची एवढी सोय, तिथंच पाण्याच्या तक्रारीही यायच्या.

काबिलखान बाहेरचा. तोही नोकरीवर आलेला. पण त्याने अपडाऊन केलं नाही.

जालना तसं बाहेरून आलेल्यांनीच भरलेलं आहे. अकबराच्या दरबारातला अबुल फजल काही काळ इथं राहून गेल्याची नोंद गॅझेटियरात आहे. १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी भिडला. ते असई आपल्याच जिल्ह्यात. त्यानंतर इंग्रजांची छावणी आली आणि तिच्याबरोबर मद्रासकडचे शिपाई, व्यापारी, खानसामे. मग धर्मांतर केलेले नारायण शेषाद्री आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गावच वसवलं. मारवाडी आणि गुजराती दुकानदार कधी आले हे त्यांनाही आठवत नाही. आता त्यांच्या पोरांची मारवाडी मराठीच्या चालीवर जाते आणि शेतकऱ्यांची मराठी मोंढ्यात पोचली की हिंदी होते. बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचं नाव जगभर नेणारे बद्रीनारायण बारवाले हिंगोलीत जन्मलेले. यातल्या कुणीही "आमचं मूळ गाव तिकडं, इथं काय, दिवस काढायचे" असं म्हणत बसल्याची नोंद नाही.

पाठ तिसरा: खोली

खोली बघायला जाताना फॅमिली असेल तर फॅमिली न्यावी. नसेल तर फोटो न्यावा. घरमालक खोली दाखवायच्या आधी तुम्हाला बघतो.

"गाव कोणतं म्हणालात, सर?"

"सातारा."

"साताऱ्यात खास सातारा?"

"नाही, कराडजवळ."

"हां... आडनाव?"

इथं थोडं थांबणं होतं. आडनाव ऐकल्यावर काकांच्या डोळ्यांत एक हिशेब चालतो. हिशेब जमला तर काकू चहा टाकतात आणि कराडजवळचे त्यांचे एक साडू निघतात. नाही जमला तर खोली "कालच दिली" असते. दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र पुढचे तीन महिने तिथंच असते. यावर हसून सोडून देता येत नाही, पण गाव सोडून जाण्यासारखंही हे एकट्या जालन्याचं पाप नाही. पुण्यात हेच विचारतात, फक्त 'व्हेज ना?' असं विचारतात. तुम्ही पाटी तशीच लटकलेली पाहिलीत तर पुन्हा एकदा जाऊन दार वाजवा आणि "काका, ते कालचे पाहुणे अजून आले नाहीत वाटतं" एवढंच म्हणून या. खोली मिळणार नाही. पण पाटी निघेल.

ज्यांना खरोखर परमुलखात राहावं लागतं त्यांच्यासाठी हे पाठ लिहिलेले नाहीत, हेही सांगून टाकतो. सळईच्या कारखान्यांत भट्टीपुढे उभी राहणारी पोरं बिहारची, उत्तर प्रदेशची. ती जनरलच्या डब्यातून येतात आणि औद्योगिक वसाहतीच्या आसपास एका खोलीत सहा-आठ जण राहतात. एक पाळी झोपते तेव्हा दुसरी कामावर असते. त्यांना ना घरभाडे भत्ता, ना मुख्यालयाचा नियम. तरी साहेबांपेक्षा आधी ती जालनेकर होतात. कुठल्या टपरीवर उधारी चालते, कुठला डॉक्टर रात्री दार उघडतो, सणाला गावाकडची गाडी कुठून धरायची, हे सगळं महिन्याभरात त्यांना माहीत. त्यांना विचारा, जालना कसं आहे. "पानी का टेन्शन है, बाकी ठीक है." शहराचं इतकं नेमकं वर्णन आम्हाला पन्नास वर्षांत जमलेलं नाही.

पाठ चौथा: पाणी

हा पाठ मोठा आहे. यात नापास होणाऱ्याला बाकीच्या सगळ्या पाठांत पास होऊन उपयोग नाही.

पाणी रोज येत नाही. किती दिवसांनी येतं, असा प्रश्न विचारू नये, "कधी आलतं?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. दुसऱ्याला गल्लीतला प्रत्येक जण वारासकट आणि वेळेसकट उत्तर देतो. लग्नाची तारीख विसरणारे गृहस्थ मागच्या पाण्याची तारीख विसरत नाहीत.

जालन्याला पाणी दोन वाटांनी येतं. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. तिथलं पाणी उताराने, विजेशिवाय शहराकडे येतं. ज्याने हे आखलं त्याला वीजबिल थकणार हे आधीच माहीत असावं. दुसरी वाट जायकवाडीची. पैठणच्या धरणातून अंबडमार्गे जलवाहिनी आणली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात हे शहर अक्षरशः टँकरवर जगलं. त्याच सुमारास लोकांनी घाणेवाडीतला गाळ काढायला घेतला, आणि ज्यांनी तेव्हा गाळ वाहिला ते आजही चहाच्या टपरीवर तो विषय निघाला की खुर्ची पुढे ओढतात. जायकवाडीचं पाणी आल्यावर वाटलं होतं, आता सुटलो. पण धरणातून टाकीपर्यंत पाणी आणणं वेगळं आणि टाकीपासून तुमच्या नळापर्यंत आणणं वेगळं. मधली पाइपलाइन कुठे फुटेल आणि वीज कुठे जाईल, हे नशिबाच्या गोष्टींत धरतात.

आता प्रत्यक्ष कृती. खोली ठरवताना हवा, उजेड, वास्तू यांकडे पाहू नये. टाकी बघावी. गच्चीवर काळी टाकी किती लिटरची, खाली हौद आहे का, हौदाला झाकण आहे का, आणि हौद एकट्याचा की वरच्या भाडेकरूंसह. संसाराला लागणारी पहिली खरेदी म्हणजे दोनशे लिटरचा निळा ड्रम. ड्रम झाकणाचा घ्यावा. बिनझाकणाचा ड्रम म्हणजे डासांना दिलेली भाड्याची खोली, आणि तिथं आडनावही विचारत नाहीत.

पाणी येण्याची वेळ कळते कशी, हा नवख्याचा नेहमीचा प्रश्न. नगरपालिका होती तेव्हाही वेळापत्रक निघायचं, २०२३ मध्ये महानगरपालिका झाली तरी निघतं. वेळापत्रक वाचावं, पण विश्वास शेजारच्या वहिनींवर ठेवावा. त्यांच्या माहेरच्या गल्लीत, म्हणजे अलीकडच्या झोनमध्ये, पाणी सुटलं की फोन येतो. मग त्या गॅलरीत येऊन एकच शब्द म्हणतात: "सुटलं!" त्या शब्दानंतर गल्ली जशी हलते तशी निवडणुकीतही हलत नाही. पोरांना दप्तरासकट बाजूला करून नळी ओढली जाते. नळाच्या तोंडाला कान लावला तर आधी आतून हवेची फुरफुर ऐकू येते, मग तोटी दोनदा थुंकते, मग लालसर पाणी येतं. ते अंगणात सोडायचं. पाच-सात मिनिटांनी रंग निवळला की नळी हौदात, आणि हौद भरत आला की पिण्याच्या कळशा. हा क्रम उलटा करणाऱ्याच्या घरी आठवडाभर तुरटी फिरते.

नळाला थेट मोटर लावायची नसते. तो गुन्हा आहे, जप्ती होते. ही माहिती तुम्हाला ज्यांच्याकडून मिळेल त्यांचा आवाज मोटरीमुळे नीट ऐकू येणार नाही.

पाणी रात्री दोनला आलं तर ऑफिसला उशीर चालतो. "पाणी आलतं" हे कारण जालन्यात वैद्यकीय प्रमाणपत्रापेक्षा वरचं आहे. ज्या साहेबांना हे कारण पटत नाही ते अपडाऊनवाले असतात, कारण त्यांचं पाणी तिकडं येतं. (तिकडंही रोज येत नाही, पण ते कबूल करत नाहीत.)

उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो. कूलर लावावा लागतो आणि कूलरला पाणी लागतं. यावर उपाय नाही. बोअरचं पाणी जड आहे. केस, कुकर आणि कूलरची वाळ्याची जाळी तिन्हींची वाट लावतं. पिण्याला जारचं पाणी. तो जार तुमच्या दारात देणारा पोरगा गल्लीतली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती असतो. नगरसेवकाच्या आधी त्याचा नंबर घ्यावा.

आता परीक्षा. पाहुणे आले, त्यांनी बेसिनचा नळ पूर्ण सोडून दात घासायला सुरुवात केली. तुमच्या छातीत काही झालं का? झालं असेल तर पास. न बोलता उठून तुम्ही तो नळ बंद केलात, तर प्रथम श्रेणी.

पाठ पाचवा: बोलणं

छोटा पाठ आहे. मराठी येत असेल तर ती थोडी विसरावी. "का" ऐवजी "काहून" आलं की भाजीवाली मावशी भाव दोन रुपयांनी उतरवते. मुसलमान मोहल्ल्यात दखनी चालते, मोंढ्यात हिंदी, सराफ्यात मारवाडी, कचेरीत मराठी, आणि भांडण कुठल्याही भाषेत सुरू झालं तरी संपतं हिंदीत. ज्याला जे नमस्काराचं रूप चालतं ते द्यावं: राम राम, जय भीम, सलाम, जय जिनेंद्र. एका फेरफटक्यात चारही लागतात. चहा 'कट' सांगावा. तीन माणसांत दोन चहा, पाच माणसांत तीन. पूर्ण कप सांगणाऱ्याला मालक "बाहेरगावचे का?" असं विचारतो आणि भाव खरा सांगतो, एवढीच काय ती मेहेरबानी.

पाठ सहावा: गाव चालतं कशावर

"जालना, सोने का पालना" ही म्हण पहिल्या आठवड्यात चार जण ऐकवतील. पाचव्याने ऐकवली की आपणच पुरी करावी.

हे शहर बी आणि सळई या दोन गोष्टींवर चालतं. एक मातीत घालायची, दुसरी सिमेंटात. बियाण्याचं मूळ बारवाल्यांपाशी. भेंडीच्या सुधारित वाणापासून सुरुवात करून त्यांनी १९६४ मध्ये महिको कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. सरकारी संशोधन संस्थांबाहेर, खासगीत बियाणं तयार करून शेतकऱ्याला विकणं ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती. आता या शहरात दर दहा पावलांवर बियाण्याच्या कंपनीची पाटी आहे. कृषी पदवी घेऊन इथं रुजू झालेल्या पोराला गावाकडे विचारतात, "शेवटी काय, बी विकतोस?" त्याने खुशाल हो म्हणावं. हायब्रीड कपाशीच्या पाकिटासाठी जूनमध्ये दुकानापुढे रांगा लागतात तेव्हा त्याच्या ओळखीची किंमत कळते.

सळईचं काम उलट. भंगार येतं, भट्टीत वितळतं, त्याची सळई होऊन निघते. तुमच्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये जालन्याचं भंगार असण्याची बरीच शक्यता आहे. जालन्याला नावं ठेवताना तेवढं छताकडे बघून ठेवावीत. त्याखेरीज मोसंबी आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे. रेशीम कोषांचा बाजारही २०१८ मध्ये इथं सुरू झाला. त्याआधी आपले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात, रामनगरला जायचे. पांढऱ्या कोषांच्या पोत्यांभोवती बोलीवाले उभे असतात ते एकदा पाहावं. कोष कानाशी हलवून ते आतल्या प्युपाचा आवाज ऐकतात.

पैसा आहे तिथं पाहुणे येतातच. ऑगस्ट २०२२ मध्ये जालन्यात एकाएकी वऱ्हाडाच्या गाड्या दिसायला लागल्या. काचेवर 'राहुल वेड्स अंजली'. श्रावणात कुणाचं लग्न, म्हणून चार म्हाताऱ्या बायकांना शंका आली, बाकी कुणाला नाही. वऱ्हाड थेट सळईवाल्यांच्या दारी उतरलं. ते आयकर खातं होतं. ५६ कोटींहून अधिक रोकड सापडल्याचं खात्यानेच जाहीर केलं, आणि ती मोजायला मशिनं लावूनही १३ तास गेल्याच्या बातम्या आल्या. जालन्यात बाहेरून येऊन पहिल्याच दिवशी इतकं आत शिरलेले पाहुणे इतिहासात दुसरे नाहीत. गावानेही पाहुणचार तसाच केला: आठवडाभर दुसरा विषय नव्हता, आणि त्या वर्षी खऱ्या लग्नांच्या वऱ्हाडांना पाहून लोक उगाच घराची दारं लावून घ्यायचे.

पाठ सातवा: कधी कुठे असावं

धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे. राजा रेवड्या उधळत जातो आणि कोट्यधीश माणसंसुद्धा त्या एका रेवडीसाठी रस्त्यावर हात वर करून उभी असतात. पांढरा शर्ट घालू नये. १४ एप्रिलला मस्तगडला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जावं. गर्दी, निळे झेंडे, पाण्याच्या आणि सरबताच्या टपऱ्या, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांच्या कडेवरची झोपलेली पोरं. आषाढी एकादशीला पंढरपूर जमलं नाही तर जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची यात्रा भरते. ज्यांना समर्थ रामदासांची ओढ आहे त्यांनी घनसावंगीकडच्या जांबला जावं. १६०८ चा जन्म तिथला. आंदोलनं चालू असली की रस्ते बंद राहतात. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीपासून मराठा आरक्षणाचं जे आंदोलन सुरू झालं त्यानंतर महाराष्ट्राचे नकाशे काढणाऱ्यांना अंबड तालुका सापडला. अशा दिवसांत प्रवासाचं नियोजन बातम्या पाहून करावं आणि मत विचारलं तर आधी समोरच्याचं ऐकावं.

दिवाळीत एक उलटी गंमत दिसेल. पुण्याहून भरभरून आलेल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या जालन्यात रिकाम्या होतात. उतरणारी सगळी पोरं इथली. हडपसर, वाघोली, हिंजवडीकडे खोल्या करून राहतात आणि तिथं त्यांना विचारतात, "गाव कोणतं? जालना? म्हणजे विदर्भात ना?" त्याच सुमारास मंठा, अंबड, घनसावंगीकडचे मजूर कोयते, भांडी आणि लेकरं घेऊन उसाच्या फडाकडे निघतात, ते थेट उन्हाळ्यात परततात. स्वतः इतकं परगावी राहणारं गाव बाहेरून आलेल्याला फार छळत नाही. आडनाव तेवढं विचारतं.

सगळ्यांत शेवटी राजूर. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जातात. वीस-पंचवीस किलोमीटरची वाट आहे. आदल्या रात्री जेवून निघायचं. रस्ताभर माणसंच माणसं: मोंढ्यातले हमाल, सळईवाल्या शेठची मुलं, नर्सिंगच्या मुली, नवी नवरी, पाय ओढत चालणारे एखादे निवृत्त तलाठी. जागोजागी साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा. कोण कुणाला वाढतंय याचा पत्ता नसतो. भोकरदन रस्त्याला लागल्यावर मागचं शहर दिव्यांपुरतं उरतं आणि बाजूने चालणारा अनोळखी माणूस विचारतो, "कुठले, सर?" तेव्हा मस्तगड म्हणा, गांधी चमन म्हणा, जिथं राहता ते सांगा. तो लगेच पुढचं विचारेल: "तुमच्याकडं पाणी कधी आलतं?"

चपला जुन्या, सवयीच्या घाला. नव्या बुटांनी पायाला फोड येतात. रात्रीचा प्रवास असल्याने अपडाऊनवाल्यांची गाडी तोवर निघून गेलेली असते, म्हणून त्यांना या वाटेला प्रवेश नाही. त्यांनी आधी ज्वारी हलवून खोली मोकळी करून घ्यावी, भाडेकरार करावा, आणि मग पुढच्या अंगारकीला यावं.